आपल्या बाजूचा हंसराज

नलूताई, तुमच्यावर लिहा, असे मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी मला सांगितले, तेव्हा जन्मगाव, शिक्षण, नोकरी, छंद अशा क्रमाने माहिती द्यावी, अशीही सूचना केली. ती माहिती तुमच्या भाच्याकडे, शैलेशकडे आहे, आणि माझ्यापेक्षा तो ती अधिक बिनचूक देईल. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे निबंध तपासले. स्वतः लिहायला बसले ती आता, पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही तुम्ही ऐकणार नाही याची खात्री झाल्यावर. ऐकले असते तर पहिल्याच वाक्याला तुम्ही म्हणाला असतात, "पुढे?"

तेव्हा सरळ विहिरीपाशी येते.

आपली ओळख तुमच्या फाटकातून आलेल्या हाकेने झाली. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या शाळेत त्या वर्षी मराठी माध्यमाचे दोन वर्ग मिळून एक झाला होता आणि माझ्या वेळापत्रकात दुपारी एक भगदाड पडले होते. मुले इंग्रजी शाळांकडे निघाली होती. गल्लीच्या तोंडाशी, जिथे पूर्वी छत्री दुरुस्त करणारा बसे, तिथे संगणकाच्या क्लासची पाटी लागली होती. शिक्षकांच्या खोलीत बसून कोणाशी बोलावे लागू नये म्हणून मी दुपारची रस्त्याने फिरत असे.

"ए बाई, तुला डोळे आहेत का?"

मी दचकून थांबले. तुम्ही फाटकात उभ्या होता, पण तुमचे तोंड बाजूच्या भिंतीकडे होते.

"तुलाच विचारतेय. चष्म्याचे असले तरी चालतील."

तुमच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता. जे पाहायला जावे तेच त्या डागाखाली झाकले जाई. दिसे ते कडेने. म्हणून ज्याला पाहायचे त्याच्याकडे तुम्ही तोंड करत नसा. तुमचा चेहरा माझ्याकडे वळलेला असे तेव्हा मी तुम्हाला दिसत नसे, आणि तुम्ही भिंतीकडे पाहत असा तेव्हा मला निरखत असा. हे अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला. खरे तर ते कधीच पडले नाही. अजूनही कोणी तोंड फिरवून उभे असले की मला वाटते, आपल्याला पाहिले जात आहे.

तुम्ही मला घरातून मागे नेलेत. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ती विहीर होती. वरचा कठडा एका बाजूला ढासळलेला, आत विटांचे गोल बांधकाम, खाली खोल कुठेतरी काळे पाणी. आपल्या बाजूला बसण्यासाठी एक रुंद दगड होता. मी आत डोकावू लागले तशी तुम्ही माझा दंड धरलात.

"वाकायच्या आधी नाव सांगायचं. आमच्या घरची रीत आहे."

तुमचे आजोबा-पणजोबा संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर होते. कोणी पाणी काढत असताना मागून दुसरे कोणी आले, तर दचकून तोल जायचा. म्हणून येणाऱ्याने आधी आपले नाव उच्चारायचे, आणि दोघे असतील तर वयाने मोठ्या माणसाने आधी. पुढे कधीतरी पाणी काढणे थांबले, नळ आले, तरी रीत राहिली. तुम्ही विहिरीत म्हणालात, "नलिनी." विहिरीने ते नाव जरा वेळाने, जरा जड करून परत दिले. मग मी माझे नाव सांगितले. काहीच परत आले नाही.

"विहिरीनं ऐकलं नाही. पुन्हा."

"कुमुद."

"शाळेत पोरं ऐकतात का गं तुझं?"

"फारशी नाही."

"मला वाटलंच. पुन्हा."

तिसऱ्या वेळी ते परत आले. आपलेच नाव उशिराने, ओल्या आवाजात कानावर आले तेव्हा मला प्रथमच वाटले, की हे नाव माझ्याखेरीज आणखी कोणाचे तरी असू शकेल.

"दोघी पाण्यातल्या फुलांच्या नावाच्या," तुम्ही म्हणालात, "आणि बघायचं काय, तर ज्याला फूलच येत नाही ते."

मग तुम्ही दगडावर बसलात, पत्र्याच्या चौकटीतला वडिलांचा दाढीचा आरसा काढलात आणि डोक्यावरचे ऊन त्यात पकडून समोरच्या भिंतीवर सोडलेत. हातभर उजेडाचा तुकडा विटांवरून खाली उतरला. तुमचा हात कापत असे. म्हणून तो तुकडाही कापत असे, आणि त्याच्यात जे सापडे ते सगळे, वारा नसताना, हलताना दिसे.

"काय दिसतंय?"

"हिरवी पानं आहेत. अर्धचंद्रासारखी..."

"उपमा नको. काय आहे ते सांग."

"एक कड सरळ आहे. दुसरी गोल, जरा कातरलेली. देठ काळा आहे, चकचकीत, तारे..."

"तारेसारखा म्हणणार होतीस."

"हो."

"पुढे?"

असे एकेक करून मी सांगत गेले आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत राहिलात. "हंसराज," तुम्ही शेवटी म्हणालात, एखाद्या पाहुण्याला ओळखावे तशा. आणि मग विचारलेत, "डावीकडच्या लांब पानाचं टोक विटेला टेकलंय का?"

टेकले होते. तिथे, त्या टोकाशी, दोन इवली पाने निराळी उगवली होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागच्या पावसात वाकायला लागलं होतं. तेव्हा मला दिसत होतं. चालतो तो, कुमुद."

हा नेचा चालतो, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलेत. पानाचा शेंडा लांबत जातो, वाकतो, भिंतीला टेकतो. टेकतो तिथे मूळ धरतो. तिथून नवे रोप उठते आणि त्याचाही शेंडा पुढे झुकू लागतो. मागचे रोप हळूहळू सडून जाते. विहिरीच्या ओल्या भिंतीवरून तो असा वर्षानुवर्षे सरकत असतो, आणि पाहणाऱ्याला एवढेच वाटते, की गेल्या खेपेस हे इथे नव्हते. तुमच्या लहानपणी तो पार पलीकडे होता. आता डावीकडून वळून आपल्याकडे येत होता.

"म्हणजे जो निघाला तो पोचत नाहीच," तुम्ही म्हणालात. "पोचतो तो वेगळा."

"मग चालतो असं का म्हणायचं? चालणारा तोच असला पाहिजे ना?"

"तुला तसं वाटतं, कारण तू भाषा शिकवतेस. क्रियापद आलं की तुम्हाला कर्ता लागतो."

हा आपला पहिला वाद. तो अजून मिटलेला नाही.

दुपारी ऊन विहिरीत उतरेल तेवढा वेळ, असा माझा नेचे शिकण्याचा वर्ग भरू लागला. तुम्ही मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाला होता आणि पन्नाशीच्या विद्यार्थिनीला कसे रागवावे हे तुम्हाला उत्तम ठाऊक होते. बडोद्यासारख्या कोरड्या सपाटीवर नेचे कुठले, असे मी म्हणाले, तेव्हा तुम्ही मला शहर फिरून शोधायला लावलेत. ते होते. गळक्या टाकीच्या पोटाशी, पन्हळाच्या सांध्यात, बंद पडलेल्या मोरीच्या भिंतीत, जुन्या पायविहिरीच्या, वावेच्या, पायऱ्यांखाली. जिथे कोणी पाहत नाही आणि पाणी हळू झिरपते, तिथे तिथे ते होते. एकदा दिसू लागल्यावर ते न दिसणे अशक्य झाले. रोजच्या रस्त्यावरून जाताना मला जाणवे, की भिंती आतून ओल्या आहेत आणि त्या ओलीत काहीतरी शांतपणे, घाई न करता, जागा बदलत आहे.

आमच्या कवितेवर तुमचा राग होता. "मोगरा आहे, केवडा आहे, पारिजात आहे, पळससुद्धा आहे. नेचा का नाही?"

"त्याला फूल नाही म्हणून असेल. रंग नाही, वास नाही. देवाला वाहत नाहीत, केसांत माळत नाहीत."

"सरणावरही ठेवत नाहीत. म्हणजे तुमची कविता मधमाशीनं लिहिली म्हण की. जिथं मध नाही तिथं बसायचंच नाही!"

मी वर्गात शिकवलेल्या सगळ्या कविता मनात चाळून पाहिल्या आणि एकीतही नेचा सापडला नाही. जो झाडांच्या आधीपासून पृथ्वीवर आहे, त्याच्यासाठी आमच्या भाषेत जेमतेम दोन-चार नावे. कोवळे पान गुंडाळी उलगडत वर येते त्या अवस्थेला तर नावच नाही. मी एकेक शब्द सुचवत असे. कुंडल, वेटोळे, नांगी. तुम्ही सगळे नापास केलेत. "हे सगळं दुसऱ्याचं आहे. कानातलं, सापाचं, विंचवाचं. याचं स्वतःचं सांग."

एकदा तुम्ही सांगितलेत, की थंड देशांतले लोक म्हणे पूर्वी समजत, नेच्याला बी असलेच पाहिजे. दिसत नाही, म्हणजे ते अदृश्य असणार. आणि ते खिशात ठेवील तो माणूसही अदृश्य होईल. मी म्हणाले, "बडोद्यात त्याची गरज नाही, ताई. पन्नाशीच्या मास्तरणीकडे तसंही कोणी बघत नाही." तुम्ही एवढ्या हसलात की आरसा हलला आणि उजेड भिंतभर सैरावैरा धावला. मग भिंतीकडे तोंड करून, म्हणजे मला पाहत, हळूच म्हणालात, "मी बघते ना."

या वाक्याचे आभार मानायचे राहिले. तेव्हा मी घड्याळ पाहून शाळेत पळाले होते.

पावागडावरची श्रावणातली दुपारही अशीच राहून गेलेली आहे. पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी असलेला एक नेचा तुम्ही हाताने चाचपून ओळखलात, तोडलात आणि माझ्या काळ्या छत्रीवर दाबलात. पान उचलले तर छत्रीवर त्याची पांढरी प्रतिमा उमटलेली होती, शीर न् शीर. पान तुम्ही फेकून दिलेत. तुमच्या दाबणाऱ्या हाताचा अंगठाही त्या भुकटीत अर्धवट उमटला होता. पाऊस पडला, छत्री कितीदा भिजली, वाळली. पान गेले. अंगठा अजून आहे. कसा, ते मला सांगता येणार नाही; उपमा मात्र देत नाही.

विहिरीची दुसरी रीत मला चुकून कळली. तुमच्या आईबद्दल बोलणे चालले होते. मी कठड्यावर रेलून सहज विचारले, "त्यांचं नाव काय हो?" तुम्ही तळहात माझ्या तोंडासमोर धरलात.

"इथं नको. गेलेल्या माणसाचं नाव विहिरीत घेत नाहीत."

"का?"

"पाणी हाक परत देतं. परत आलेली हाक कोणीतरी घ्यायला लागते."

तुम्ही शास्त्र शिकवलेल्या बाई. हे तुम्ही ज्या सपाट स्वरात सांगितलेत त्याच स्वरात बीजाणूंविषयी सांगत असा. मी हसायला हवे होते, आणि मला हसू आले नाही.

मग हंसराज दिसेनासा झाला. पाठीमागच्या प्लॉटवर कॉम्प्लेक्स उभे राहिले, त्यांनी बोअर खणली, आणि आपल्या विहिरीचे पाणी खाली खाली जाऊ लागले. समोरच्या भिंतीवरच्या विटा वाळून फिकट पडल्या. डावीकडे, जिथपर्यंत तो आला होता, तिथे काळ्या देठांच्या चार काड्या उरल्या होत्या. त्याच्या पलीकडे आरशाचा उजेड वळत नसे.

"मेला, ताई," मी म्हणाले.

"मेला की दिसत नाही?"

"दिसत नाही."

"मग तेवढंच सांग. माझ्या डोळ्यांच्या मधोमध काही दिसत नाही. म्हणून तिथं काही नसतं का?"

शैलेश अलकापुरीतल्या आपल्या ऑफिसातून अधूनमधून येई. भला माणूस. तुमच्या मागे घराचे काय करायचे हे तुमच्यासमोरच बोलायची सोय तुम्हीच त्याला करून दिली होती. त्या दिवशी आपण तिघे मागच्या ओट्यावर बसलो होतो.

"मासी, खाली ट्यूशन क्लासवाला यायचं म्हणतोय. नानी नानी, लहान पोरं येणार. उघडी विहीर कशी ठेवू? स्लॅब तर भरायलाच लागेल ने."

"भर. मी असेपर्यंत नको."

"ते तर झालंच."

"आणि आत हंसराज असेल तर पुरती बंद करायची नाही. नसेल तर खुशाल झाक."

"आणि असेल तर काढून कुंडीत लावून दिला तर? माणूस उतरवतो ने दोरीनं."

"उपटून आणलेला जगत नाही. तो त्याचा चालतोय, त्याला चालू दे." मग तुम्ही तोंड भिंतीकडे वळवलेत. "आहे की नाही ते कुमुद सांगेल. तिनं सांगितलं तर आहे."

शैलेशने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. आयुष्यात कोणी माझ्या शब्दावर एवढे टाकले नव्हते, आणि मला तर तो मेला आहे असेच वाटत होते.

जाताना तुम्ही मला थांबवून नेच्याचा मधला जन्म सांगितलात. पानाखालची धूळ ओल्या विटेवर पडते, पण तिच्यातून नेचा उगवत नाही. उगवतो तो नखाहून लहान, पातळ, हिरवा तुकडा. त्याला देठ नाही, पान नाही, तो नेच्यासारखा मुळीच दिसत नाही. कोणी पाहिले तर शेवाळ म्हणून खरवडून टाकील. तो तसाच पडून राहतो, पाण्याच्या थेंबाची वाट पाहत, आणि थेंब आला तर त्याच्यातून पुढचा नेचा उठतो. "म्हणजे याला दोन जगणी आहेत," तुम्ही म्हणालात, "आणि एकातलं दुसऱ्यातल्याला ओळखत नाही." मी विचारले, "हे आज का सांगताय?" तुम्ही म्हणालात, "अभ्यासक्रमात आहे म्हणून."

तुम्ही गेलात त्या दुपारी माझा तास होता. दोन वर्गांची मुले एका खोलीत बसली होती. फळ्याकडे वळले तर फळ्यावर उजेडाचा तुकडा होता. हातभर. कापत असलेला.

"बाई, कोणीतरी आरसा मारतंय," मागून एक मुलगी म्हणाली, आणि वर्ग हसला.

मी खिडकीतून पाहिले. खाली एक स्कूटर सुरूच ठेवून कोणीतरी पानाच्या दुकानाशी बोलत उभे होते. तिचा आरसा थरथरत होता. एवढेच. तो माणूस स्कूटर घेऊन गेला आणि फळा काळा झाला. मी खडू उचलला, तोच शिपाई दारात आला. शैलेशचा फोन होता. तुम्ही मागच्या ओट्यावर खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. आरसा मांडीवर होता, असे त्याने नंतर सांगितले, आणि मला देऊन टाकला.

तुमचे दिवस झाले. दिवाळीही तशीच गेली. मग शैलेशचा फोन आला. "कुमुदबेन, उद्या विहीर झाकायला कडिये येणार आहेत. तुम्हाला जोऊन, बघून घ्यायचं असेल तर या हां. मी मासीला शब्द दिलाय. तुम्ही हो म्हणाल तर हो, ना म्हणाल तर ना."

मी गेले तेव्हा आपल्या दगडाच्या मागे रेतीचा ढीग पडला होता आणि दगडावर विटा रचलेल्या होत्या. पादरा गावचे दोन कडिये, म्हणजे गवंडी, सळ्या कापत होते. पाठीमागच्या कॉम्प्लेक्सात काँक्रीट कालवणारे यंत्र घरघरत होते. आपल्या जागी बसणे शक्य नव्हते. पलीकडे, ढासळलेल्या कठड्याच्या बाजूला, मी कधीच गेले नव्हते. तुम्ही जाऊ दिले नव्हते. आता तीच जागा मोकळी होती.

"बेन, जरा संभाळजो," कडिया म्हणाला.

मी गुडघ्यांवर बसले. वाकायच्या आधी नाव सांगायचे, म्हणून थांबले. म्हणजे सवयीने तुमच्यासाठी थांबले. इतकी वर्षे तुमचे नाव आधी आणि माझे नंतर असाच क्रम होता. पहिले नाव पडल्याखेरीज माझ्या तोंडून दुसरे निघत नसे. यंत्राची घरघर चालू होती. विहिरीतून गार हवा तोंडावर येत होती. मी वाट पाहिली, आणि मग माझ्याच आवाजात, मोठ्याने, स्पष्ट, माझ्या तोंडून निघाले, "नलिनी."

निघून गेल्यावर मला कळले, की मी काय केले. मला तो शब्द परत ओढून घ्यायचा होता. पण पाणी आता फार खाली गेले होते, आणि हाक तेवढी खोल गेली, आणि तेवढ्याच उशिराने, तुम्ही म्हणत असा तशी, जरा जड होऊन वर आली.

ती कोणी घेतली, मला माहीत नाही. मी नाही घेतली. मी घाईने माझे नाव सांगितले आणि आरसा काढला.

उजेड समोर पडला. आता समोर होती ती आपली बाजू. इतकी वर्षे ज्या भिंतीच्या डोक्यावर बसून आपण पलीकडे पाहत होतो, ती आपल्याच दगडाखालची भिंत. ती आपण कधी पाहिलीच नव्हती. हात अवघडला म्हणून मी आरसा एका विटेला टेकवून ठेवला आणि हात काढून घेतला. उजेडाचा तुकडा कापतच राहिला. यंत्राने जमीन हादरत असणार. मी यंत्राकडे पाहिले नाही.

तो तुकडा कापत कापत दगडाच्या कडेखाली स्थिरावला, आणि तिथे तो होता.

मी सांगू लागले. कोणाला, हे तेव्हा मनात आले नाही. "एक रोप आहे. पाच पानं आहेत. देठ काळे, चकचकीत. पानांची एक कड सरळ, दुसरी गोल. उजवीकडे विटेवर वाळलेली जुनी मुळं आहेत, त्याच्या उजवीकडे आणखी जुनी. आपल्या दगडावरून जी डावी बाजू, तिकडूनच तो आला आहे. दगडाच्या खाली एक चीर आहे, ती ओली आहे." ती का ओली होती, ते सांगताना मला उमगले. प्यायच्या पेल्यात उरलेले पाणी तुम्ही कधी फेकत नसा. बसल्या जागी, दगडाच्या कडेला, त्याच एका चिरेत ओतत असा. विहीर सुकत गेली आणि ती चीर तुम्ही ओली ठेवलीत. "सगळ्यात लांब पानाचा शेंडा वर वळला आहे. तो चिरेला टेकला आहे. टेकला तिथे एक पान निघालं आहे. गुंडाळलेलं."

उपमा एकही आली नाही, ताई. सगळे सांगून झाले तेव्हा कोणी "पुढे?" म्हटले नाही. तुम्ही जाऊन तेव्हा बरेच दिवस झालेले होते. गेलात असे मला वाटले ते त्या क्षणी.

"आहे," मी उठून म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की कडियांनी सळ्या खाली ठेवल्या. शैलेश घरातून आला, पलीकडे येऊन वाकून पाहू लागला.

"नाव सांगा आधी," मी म्हणाले.

त्याने चमकून माझ्याकडे पाहिले आणि लहान मुलासारखे सांगितले. मग आत पाहिले. "एवढंसं? याच्यासाठी मासीनं...?"

"दगडाच्या कडेला एक वीत जागा मोकळी ठेवा. वरून जाळी लावा, मुलांचा पाय जाणार नाही अशी. आणि तो दगड हलवायचा नाही."

"साहेब, सांधो नई बेसे," कडिया कुरकुरला. सांधा नीट बसणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

"बसवा," मी म्हणाले. असा आवाज मी वर्गातसुद्धा कधी काढला नव्हता.

शैलेश हसला. वातावरण हलके करावे असा त्याचा स्वभाव. "बरं बाबा, ठेवतो. पण एवढी फट ठेवली, कुमुदबेन, आणि त्यातून मासीच वर आल्या तर?"

"येऊ द्या."

त्याचे हसू तिथेच थांबले. त्याने नकळत दगडावरच्या विटा उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली, एखाद्याची बसायची जागा मोकळी करावी तशी. ही उपमा आहे. ती राहू द्या. कडियाने दोरी ताणून रेघ आखली. ती तुमच्या दगडापासून एक वीत अलीकडे थांबली.

आता विहीर झाकलेली आहे. घराच्या खालच्या मजल्यावर क्लास सुरू झाला आहे, आणि मुलांच्या पाढ्यांचा आवाज स्लॅबवर पडून विचित्र पोकळ होतो. शैलेशने मला मागच्या दाराची किल्ली दिली आहे. दुपारी मी येते, पेल्यातले पाणी चिरेत ओतते, जाळीतून आरशाने जेवढा जातो तेवढा उजेड सोडते. गुंडाळलेले पान उलगडले. त्याचा शेंडा जाळीच्या दिशेने लांबत आहे. हा तोच, की पोचणारा वेगळा, हा आपला वाद मी तुमच्या बाजूने सोडून द्यायला तयार होते. पण आता मला तो सोडवत नाही. वेगळा असेल तर त्याला या दगडाची वाट कशी सापडली?

रीत मी पाळते. वाकायच्या आधी नाव सांगते, फक्त माझे. तुमचे पुन्हा घेतलेले नाही. एवढेच, की सांगण्याआधी मी थोडी थांबते. वयाने मोठ्या माणसाने आधी, असे तुम्हीच शिकवले होते.